पाळीबाहेरचं पाणी

१६ नोव्हेंबर, रविवार. एकोडी

पोचले एकदाची. नागपूरहून साकोलीपर्यंत बस आणि पुढे निकेशची मोटरसायकल. पाठीला सॅक, मांडीवर लॅपटॉप, हातात आईने दिलेला कुळथाच्या पिठाचा डबा, अशी माझी वरात गावात शिरली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धान कापून झालंय. वाळल्या तणसाचा वास इतका छान सुटला होता की मी निकेशला गाडी हळू घ्यायला सांगितली. त्याला वाटलं मी घाबरले. म्हणाला, काई भेव नका ठेवू मॅडम, मी आरामात घेऊन राहिलो.

सात वर्षं मालवण-देवगडच्या खाड्यांत काढली. उपग्रहाच्या फोटोंवरून कांदळवनाचं मोल ठरवायचं, म्हणजे त्यात मासळी किती वाढते, पक्षी किती उतरतात, किनारा किती धरून राहतो ते. मग फोटोत दिसलं ते खरं की खोटं हे बघायला स्वतः चिखलात उतरायचं. तीच पद्धत आता इथल्या जुन्या तलावांना लावायची आहे. एकशे बारा तलाव, प्रत्येकाला शंभरपैकी गुण, मार्चअखेर अहवाल. नागपूर ऑफिसातले माझे साहेब आनंदराव म्हणाले, समुद्र सोडून आलीस, आता बुडायची भीती नाही. साहेबांचे विनोद असेच.

घर कौशल्याबाईंचं. साठीच्या आहेत, आवाज खणखणीत. मुलगा निकेश शेती बघतो. मुलगी दामिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, सासर मोहाडीकडचं. तारीख वीस डिसेंबरच्या आसपास. मला पुढची खोली दिलीय, तिला खिडकी आहे, खिडकीत पेरूचं झाड आहे. रात्रीच्या जेवणात झिंग्यांचं कालवण होतं. मी तीनदा भात घेतला, तेव्हा कौशल्याबाई समाधानाने म्हणाल्या की समुद्राकडची माणसं आपल्यासारखीच जेवतात.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पहिला तलाव जांभुळटोलीचा घेतला, कारण जवळ आहे. घरापासून पाळीपर्यंत सव्वादोन किलोमीटर. पाळ म्हणजे मातीचा बांध, पण बांध म्हणणं त्याच्यावर अन्याय होईल, वरून बैलगाडी जाते. कुणी कधी बांधला, विचारायची सोय नाही. प्रत्येक जण आपल्याच आज्याचं नाव सांगतो. पाण्यात शिंगाड्याचे वेल, पलीकडे कमळं, मधे चक्रवाकांची जोडी. मी सगळ्यांना मनातल्या मनात गुण देत बसले.

दामिनीला माझ्या कामाचं भारी कौतुक. तिने डी.एड. केलंय, शाळेची नोकरी हुकली, त्यामुळे शिकवता येईल असं काहीही मिळालं की ती खूश. तिला आज समजावलं: उपग्रह दर पाच दिवसांनी इथून जातो, सकाळी पावणेअकराला, ठरल्या वेळी. फोटोतला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकडा. डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात पाणी काळं येतं. उथळ पाणी करडं, खोल पाणी काळंकुट्ट. तिने विचारलं, मग आमचं घर केवढं, तर मी म्हटलं, अंगण धरून दीड ठिपका. हे तिने घरभर सांगितलं. कौशल्याबाईंना अपमान वाटला असावा.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज डोक्याला ताप झाला, पण काम झालं.

तलावाची फेरी मारायची होती. हातात टॅब्लेट धरून काठाने चालायचं, टॅब्लेट रेघ ओढत जातो. रेघ जिथून निघाली तिथे परत जुळली की कडं पूर्ण होतं आणि क्षेत्रफळ निघतं. कडं पूर्ण झालं नाही तर काहीही निघत नाही, सॉफ्टवेअर हात वर करतं. वाट दाखवायला इश्वरबाबा आले होते. ते इथले पाणकर, म्हणजे कुणाच्या बांधीत कधी पाणी सोडायचं ते ठरवणारे. बांधी म्हणजे धानाचा एकेक तुकडा. पंचाहत्तरीचे आहेत, गुडघे गेलेत, तरी काठी टेकत दोन तास माझ्याबरोबर चालले. पाणी सोडायच्या दगडी तोंडापासून निघालो, सगळा घेरा मारला आणि पाळीवरच्या मोहाच्या झाडापाशी ते थांबले. समोर तोंड दिसत होतं, चाळीस पावलांवर. म्हणाले, झालं, आता मागं फिरा.

मी कपाळावर हात मारला. काहून, विचारलं तर म्हणाले, हा तलाव पुरा मोजत नाईत. पाणकर पाणी मोजतो तेव्हाही इथूनच वळतो. बाबा वळत होता, आजा वळत होता. नेमका तोच तुकडा मला हवा, कारण तिथे झाडांची सावली पडते आणि फोटोत पाणी कुठे संपतं ते कळत नाही. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पायातली चप्पल काढून हातात घेतली आणि आल्या वाटेने निघून गेले.

तेवढ्यात आनंदरावांचा फोन. दामिनी तिथेच होती. डॉक्टरीणबाईंनी रोज चालायला सांगितलंय म्हणून आमच्या मागोमाग रमतगमत आली होती. मी एका हाताने फोन धरला, दुसऱ्याने टॅब्लेट तिच्याकडे दिला आणि म्हटलं, एवढी चाळीस पावलं तू चाल गं. तिने हसून विचारलं, इश्वरबाबाले कळलं तर? मी म्हटलं, सांगतंय कोण. ती गेली. टॅब्लेटने टिंग केलं. कडं पूर्ण. बेचाळीस पूर्णांक सहा हेक्टर.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कालचा फोटो संध्याकाळी उतरवला. तलाव सुरेख आलाय, माझी रेघ काठावर अगदी चपखल बसली. फक्त पाळीच्या बाहेरच्या अंगाला, त्याच चाळीस पावलांच्या खाली, एक काळा ठिपका आहे. पाझर असेल. जुन्या पाळी पाझरतात. नोंद केली.

एक गोष्ट मात्र पटत नाही. पाझराचं पाणी वीतभर, ते करडं यायला हवं. हा ठिपका तलावाच्या मधोमध असतं तेवढा काळा आहे.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

जाऊन बघितलं. कापणी झालेली बांधी, कोरडी ठक्क. धानाची खोडं टोचत होती पायाला. पण एका जागी ती सगळी आडवी पडली होती, एकाच दिशेने, जसं पाणी वाहून गेल्यावर पडतं तसं. मी पावलं टाकून मोजलं. चौकोन. दहा मीटर बाय दहा मीटर.

तिथली माती वरून भुरभुरीत. बोट खुपसलं तर आत ओली आणि गार. एक शिंपला मिळाला, जिवंत. बांधीचा मालक सोमाजी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरूनच बघत होता, आत आला नाही. त्याने सांगितलं की सोमवारपासून बैल या बांधीत पाय ठेवत नाहीत, मले का मालूम काहून.

३० नोव्हेंबर, रविवार

काल पुन्हा उपग्रह गेला. पाळीखालचा ठिपका नाहीसा. जीव भांड्यात पडणार तोच दुसरा दिसला, सहाशे मीटर पुढे, एकोडीच्या दिशेने. तेवढाच, एकच, तसाच काळा. उसाच्या तुकड्याला टेकून.

आनंदरावांना पाठवला. म्हणाले, फोटोतला दोष आहे, खोडून टाक. खोडायला काय, एक बटण आहे. पण खाडीच्या कामात याच साहेबांनी मला शिकवलं होतं की खोडण्याआधी जागेवर जाऊन ये. सकाळी जाऊन आले. खोडं आडवी. माती आत ओली. चारी बाजू दहा-दहा मीटर.

फोटोतला दोष जमिनीवर खोडं कशी आडवी पाडेल?

२ डिसेंबर, मंगळवार

इश्वरबाबांकडे गेले. हा माणूस मला आवडत नव्हता, कारण त्याने मला अडवलं होतं, आणि मला कुणी अडवलेलं खपत नाही. आज त्यांच्या ओसरीवर दोन तास बसले.

टॅब्लेटवर फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून पाहिले आणि विचारलं की फेरी पुरी कोणी केली. मी म्हटलं, मी. तलाव पुरा मोजला का तोही आपल्याले मोजते, असं ते म्हणाले. शेवटचं पाऊल ज्याचं, तो माणूस तलावाच्या हिशेबात जातो. मग पाणी त्याला न्यायला निघतं. सावकाश येतं, पण येतं.

त्यांचा थोरला भाऊ जागेश्वर असा गेला. तलावात नाही सापडला. भरउन्हाळ्यात कोरड्या बांधीत पालथा पडला होता, आणि उलथा केला तर तोंडातून पाणी निघत राहिलं, घरी आणेपर्यंत. इश्वरबाबा तेव्हा नऊ वर्षांचे होते. हे सगळं त्यांनी पाण्याची पाळी सांगावी तितक्या साध्या आवाजात सांगितलं.

निघताना ते म्हणाले, तुम्ही तुमच्या गावाले निघून जा बाई, तिथं समुद्र आहे, हे पाणी गोंधळून तरी जाईन. मी मान डोलावली. शेवटचं पाऊल माझं नव्हतं हे मी सांगितलं नाही.

३ डिसेंबर, बुधवार

मी शास्त्र शिकलेली बाई आहे. हे वाक्य काल रात्रीपासून स्वतःला ऐकवतेय.

टॅब्लेटमधून ती फेरी पुसली. सर्व्हरवरून पुसली. नागपूर ऑफिसातल्या प्रविणला फोन करून तिकडची प्रतही काढायला लावली. त्याने कारण विचारलं नाही, तो कधीच विचारत नाही. मग कडं मुद्दाम मोडकं करून, चाळीस पावलं सोडून नवी रेघ काढली. उद्याच्या फोटोत ठिपका नसेल.

५ डिसेंबर, शुक्रवार

आहे. बाराशे मीटर. आता आपल्या घरापासून एक किलोमीटर उरलंय. वाकडातिकडा येत नाही, पट्टी लावून ओढल्यासारखा सरळ येतोय.

सकाळी दामिनी चपला उन्हात वाळत घालत होती. रात्री ओसरीवर ठेवल्या होत्या, ओल्या कशा झाल्या म्हणून कौशल्याबाई मांजराला शिव्या देत होत्या. दामिनी मला म्हणाली, ताई, आजकाल बाळ लाथ नाही मारत, पोहते. ती हसत होती. मी पण हसले. आत जाऊन दार लावून घेतलं आणि बराच वेळ पाय पोटाशी घेऊन बसले.

८ डिसेंबर, सोमवार

आज साकोलीला तिची तपासणी होती, मी बरोबर गेले. सोनोग्राफीत पोटातलं पाणी वाढलेलं निघालं. तीन आठवड्यांमागे सगळं प्रमाणात होतं, आता एकदम इतकं कसं, असं डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या. साखर तपासली, ठीक. रक्तदाब ठीक. पुढच्या आठवड्यात परत या.

येताना बसमध्ये दामिनी माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तिला सांगावं असं दहा वेळा मनात आलं. काय सांगू? मी फोनवर बोलत होते म्हणून तू चाललीस?

१० डिसेंबर, बुधवार

कालचा फोटो. अठराशे. म्हणजे उरले साडेचारशे मीटर. चौदाला उपग्रहाची पुढची फेरी. चौदाला तो अंगणात असेल.

संध्याकाळी पुन्हा इश्वरबाबांकडे गेले आणि खरं सांगितलं. ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. काठीने जमीन टोकरली. मग विचारलं, कौशल्याले मालूम आहे? नाही म्हटलं.

एक उपाय आहे, म्हणाले. तलाव एकालाच धरतो, जो सगळ्यात शेवटी फेरी पुरी करतो त्याला. दुसऱ्या कोणी फेरी पुरी केली की पहिला सुटतो. जागेश्वरने तेच केलं होतं. फेरी आधी त्यांच्या आईने पुरी केली होती, म्हैस शोधता शोधता. ती पुढे ऐंशी वर्षांची होऊन गेली.

बाबांनी आपल्या गुडघ्यांवर हात फिरवला. मले आता पाळीवर चढवत नाई, म्हणाले. गेल्या महिन्यात माझ्याबरोबर चढले होते. माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी. बघायला हवं होतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मी दुसरी वाट काढली. कौशल्याबाईंना म्हटलं, पाणी वाढलंय, गाव आडवाटेला, रात्री-बेरात्री काय करणार, आत्ताच दवाखान्यात ठेवू. निकेशला पटलं. कौशल्याबाई माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या की सख्खी बहीणही एवढं करत नाई वो. मला तिथल्या तिथे मरावंसं वाटलं.

दुपारी दामिनीला साकोलीच्या दवाखान्यात भरती केलं. दुसरा मजला. मुद्दाम दुसरा मजला मागितला.

१४ डिसेंबर, रविवार

मी घरीच थांबले, दामिनीच्या खोलीत, तिच्या बाजेवर. पावणेअकरा वाजले. काही झालं नाही. पेरूवर पोपट होते. ऊन आत आलं होतं.

संध्याकाळी फोटो आला. अंगण कोरडं. शिवार कोरडं. आसपास ठिपका कुठेच नाही. इतकी हलकी झाले की कौशल्याबाईंना चहा करून दिला आणि कुळथाची पिठीही करायला घेतली.

मग चौकट मोठी करून पाहिलं.

तो साकोलीत आहे. हायवेच्या अलीकडे, बसस्टँडमागच्या रिकाम्या प्लॉटवर. इतके दिवस सहाशे-सहाशे मीटर चालत होता, आणि या पाच दिवसांत सगळा रस्ता तोडला. दवाखान्यापासून तीनशे मीटर.

१५ डिसेंबर, सोमवार

दामिनीचे पाय सुजलेत. बोट दाबलं की खड्डा पडतो आणि खड्ड्यात पाणी येतं. घाम असेल, सिस्टर म्हणाली. मी चाखून पाहिलं. हसू नका. खारट नव्हतं. शेवाळाची चव होती.

शुक्रवारी सकाळी ऑपरेशन करून मूल काढायचं ठरलंय. शुक्रवार म्हणजे एकोणीस, उपग्रहाचा दिवस. वेळ नऊची. मी डॉक्टरीणबाईंना अठराला करा म्हणून विनवलं. भूल देणारे डॉक्टर एकोणीसलाच येतात.

१७ डिसेंबर, बुधवार

हे लिहायलाच हवं, नाहीतर कुणालाच कळणार नाही मी कशी आहे ते.

आज मी प्रविणला फोन लावला. त्याला सांगणार होते, उद्या ये, जांभुळटोलीची फेरी मारून दे, पूर्ण मार, कडं जुळलं पाहिजे. तो आला असता. विचारलं नसतं. घंटी वाजत राहिली आणि मला त्याचा डबा आठवला, जेवताना तो आधी सगळ्यांसमोर धरतो. फोन कापला. त्याचा उलट फोन आला तो घेतला नाही.

मग आईला लावला. ती विचारत होती, पिठी संपली का. मी म्हटलं, आहे अजून.

१८ डिसेंबर, गुरुवार

दामिनीने आज विचारलं, ताई, मी काही चुकीचं केलं का त्या दिवशी? झोपेत तिला पाळ दिसते म्हणे. आणि आपलीच पावलं मोजताना ऐकू येतात.

मी म्हटलं, तू नाही. मी केलं.

तिला समजलं नाही. समजलं असेलही. तिने माझा हात घट्ट धरून ठेवला. तिची बोटं आंघोळीत फार वेळ बसल्यासारखी सुरकुतली होती.

उद्या.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी ८.१०. दगडी तोंडापासून निघाले. टॅब्लेट आणला नाही, ही वही आणलीय. धुकं होतं, आता विरलं. इश्वरबाबा निकेशच्या गाडीवरून पाळीखालपर्यंत आले. निकेश त्यांना सोडून दवाखान्यात गेला. त्याला वाटतंय मी शेवटचं मोजमाप करतेय.

९.२०. अर्धा घेरा झाला. शिंगाड्यांच्या बाजूला चिखल फार. भीती वाटतेय, सरळ लिहिते. मला अजून खूप जगायचंय.

१०.०५. मोहाचं झाड. इथून चाळीस.

१०.१४. पहिलं पाऊल टाकलं. नाही, उगाच खोटं कशाला, नऊ मिनिटं नुसती उभी होते.

अकरा पावलं झाली.

१०.१९. निकेशचा फोन. मुलगी झाली. दोघी चांगल्या. निकेश हसतोय का रडतोय कळत नव्हतं. पाणी फार निघालं म्हणे, पण आता सगळं ठीक. कौशल्याबाईंनी फोन ओढून घेतला आणि विचारलं, कधी येऊन राहिली तू, पोरगी वाट पाहून राहिली.

१०.२३. पाळीवर बसलेय. मूल झालं. पाणी निघून गेलं. कदाचित एवढंच होतं. आनंदराव म्हणतात तसा फोटोतला दोष, आणि म्हाताऱ्याची एक गोष्ट. अकरा पावलं मागे जायचं, बस. साकोलीची बस पकडायची, बाळाला बघायचं. पायाखालची माती कोरडी आहे. मी हात लावून पाहिला.

मागे वळले. तीन पावलं गेलेही.

१०.२९. निकेशने फोटो पाठवलाय. बाळ आहे, दुपट्यात गुंडाळलेलं, तोंड लाल. मागे दामिनीची खाट. खाटेखाली फरशी दिसत नाही. पाणी आहे, काळं. सिस्टरचे पाय घोट्यापर्यंत त्यात. त्याने लिहिलंय, पाइप फुटला बहुतेक, दुसऱ्या माळ्यावर पाणी शिरून राहिलं मॅडम, दामिनी शुद्धीवर नाही येऊन राहिली, भिजली पूर्ण.

निघाले.

नऊ. दहा. अकरा. बारा – चालता चालता लिहितेय, अक्षर –

वीस. वीस –

आई, मी तुला काही सांगितलं नाही कारण –

एकतीस. १०.३६ वाजलेत. निकेशचे तीन फोन आले. घेत नाही.

अडतीस.

एकोणचाळीस. तोंडाचा दगड समोर आहे, कोरडा, त्यावर सरडा बसलाय –

चाळीस.

१०.३९. मेसेज. वॉर्डातलं पाणी उतरलं. कोणी पुसलं नाही, मोरीतून गेलं नाही, आपोआप. दामिनीने डोळे उघडले, बाळ मागून राहिली.

मागून राहिली. मी हे दोनदा वाचलं.

१०.४२. पाळ उतरून बांधीत आलेय, कोरडी, खोडं टोचतायत. पळायचा विचार केला, पण कुठे पळू. आकाशात एक ढग नाही. फोटो स्वच्छ येईल. आनंदराव, हा ठिपका खोडू नका –

१०.४४. खोडं आडवी होतायत. माझ्या चारी बाजूंनी. इश्वरबाबा पाळीवरून हात हलवून काहीतरी ओरडतायत, ऐकू येत नाही, कानात पा